डावीकडून तिसऱ्या छत्रीस

२८ नोव्हेंबर, मधली सुट्टी

वर 'प्रिय' लिहावं की नाही यात माझी दहा मिनिटं गेली, आणि मधली सुट्टी वीसच मिनिटांची असते. म्हणून मायना गाळते आहे. एखाद्या मुलानं गाळला असता तर मी दोन गुण कापले असते.

हे पत्र कामाचं आहे. त्यातून दुसरा काही अर्थ काढू नकोस.

झालं असं, की आमच्या तिसरीच्या वर्गाला तुमच्या नाट्यगृहात हिवाळी सुट्टीचा बॅले बघायला न्यायचं ठरलंय. सतरा डिसेंबर, सकाळचा खेळ, फक्त शाळांसाठी. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मला बोलावून म्हणाल्या, "मुलांची तयारी तुम्ही करून घ्या. गेल्या वर्षी आपण तिथे काय दिवे लावले ते ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे. गेल्या वर्षी चौथीच्या पोरांनी वरच्या सज्जातून कागदी विमानं सोडली आणि त्यातलं एक राजकन्येच्या अंबाड्यात जाऊन रुतलं. ती बिचारी तशीच नाचली. नंतर नाट्यगृहाचं पत्र आलं, त्यात 'खेद' हा शब्द चार वेळा होता. यंदा आवाज झाला तर आमच्या शाळेचं नाव यादीतून कायमचं कटणार.

आता मला बॅलेतलं काय कळतं? ओ की ठो कळत नाही. ज्या एकाच माणसाला कळतं आणि ज्याचा पत्ता मला माहीत आहे, ते माणूस तू आहेस. पत्रकात तुझं नाव दिसलं. मी शोधत नव्हते, पत्रक मागूनपुढून नीट वाचायची मला सवय आहे.

तर प्रश्न असे. मुलांना गोष्ट आधी सांगायची का? कुणी बोलतच नाही तर कोण काय म्हणतंय ते ओळखायचं कसं? पायाच्या बोटांवर उभं राहून दुखत नाही का? टाळ्या कधी वाजवायच्या? आणि तू त्यात नक्की कोण आहेस? शेवटचा प्रश्नही मुलांचाच समज.

फोन केला असता, आईकडे तुझा नंबर आहे. पण आपण दोघी फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडायचो, आणि या वेळी मला निदान पाच वाक्यं बोलायची होती. शिवाय तू दर मंगळवारी, मी शाळेत असताना, आईला फोन करतेस हे मला कधीचंच कळलंय. मंगळवारी संध्याकाळी ती माझ्याशी संशय यावा इतकी गोड वागते.

आई ठणठणीत आहे. कान सोडून.

तुझी,
इयत्ता तिसरीची वर्गशिक्षिका


५ डिसेंबर

टिटवे,

लिहून गेले बघ. बारीक पाय आणि मोठ्ठा आवाज, लहानपणी तुला हे नाव मीच ठेवलं होतं. पेनानं लिहिलंय, आता खोडत नाही.

मी पत्राची वाट बघत होते आणि आलं पार्सल. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुझे जुने नाचाचे बूट, आणि एवढीशी चिठ्ठी. 'गोष्ट आधी सांग. बोलणं हातांकडे बघून ओळखायचं. बूट मुलांच्या हातात दे. हो, दुखतं. मी डावीकडून तिसरी छत्री.' संपलं! टाळ्यांबद्दल चकार शब्द नाही, आणि 'ताई' तर कुठेच नाही. तरी ती चिठ्ठी मी चार वेळा वाचली. पाचव्यांदा आईनं वाचली, मोठ्यानं, खिडकीत उभं राहून.

आधी गोष्ट सांगितली. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी बर्फात एका मुलीचा एक हातमोजा हरवतो आणि तो शोधत ती हरवलेल्या वस्तूंच्या देशात पोचते. तिथे छत्र्या, बटणं, किल्ल्या आणि एकेकटे पायमोजे राहतात. तिला हातमोजा सापडतो, पण त्याला तिथे इतकी दोस्तमंडळी मिळालेली असतात, की ती आपला दुसरा हातमोजाही त्याच्याजवळ ठेवून परत येते. यावर माझ्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे वकीलबाई म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. "बाई, ती हातमोजा आणायला गेली होती ना? मग आहे तोपण घालवून आली? घरी ओरडा नाही का बसला?"

मग बूट फिरवले. तुला वाटेल, गुलाबी साटीन बघून पोरी हरखल्या असतील. छे! पहिल्या बाकावरच घोषणा झाली, "ईऽऽ, पायाचा वास!" आणि मग तो वास घ्यायला अख्ख्या वर्गाची रांग लागली. नंतर सगळ्यांनी बुटाचं कडक टोक बाकावर आपटून बघितलं. टक टक टक. आमची इंजिन, म्हणजे जिला एका जागी बसणं जन्मात जमलं नाही ती पोर, दोन्ही बूट हातांत घालून फळ्यापासून खिडकीपर्यंत 'नाचली'. मग बिनबोलण्याचा खेळ खेळलो: तोंड बंद ठेवून हातांनी सांगायचं आणि इतरांनी ओळखायचं. 'भूक लागली', 'आई रागावलीय', 'माझी पेन्सिल कुणी घेतली'. चौतीस पोरं आणि आवाज नाही. मला वाटलं, मला ऐकू येईनासं झालं.

तेवढ्यात वकीलबाईनं बुटात डोकं घातलं आणि म्हणाली, "बाई, आत रक्त लागलंय."

खरंच होतं. अंगठ्याजवळ तपकिरी डाग. आणि बाहेरून टोकाला रफू केलेलं, बारीक, उलटसुलट टाके. ते टाके मी कुठेही ओळखले असते. आईनं आपल्या दोघींना एकाच दिवशी शिकवले होते.

"ही बाई रडली असेल का हो?" इंजिननं विचारलं.

"नाही. ती रडत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी बहीण आहे ती."

पुढचं सगळं त्यामुळेच झालं. ते नंतर लिहिते, घंटा झाली.

ताई


१० डिसेंबर

टिटवे,

माझी जी उलटतपासणी झाली ती अशी.

"बाई, मग ती आपल्या शाळेत का नाही येत?"

"आमचं बोलणं नसतं."

"कट्टी?"

"तसंच काहीतरी."

"केव्हापासून?"

मी खोटं बोलणार होते. पण चौतीस जणांकडून रोज खरं वदवून घेणारी मी. म्हटलं, "अकरा वर्षं."

सगळ्या वर्गानं बोटं मोजली. त्यांच्यापैकी कुणाला अजून अकरा वर्षं झालेलीच नाहीत. मग इंजिन फार काळजीनं म्हणाली, "बाई, आमची तर मधल्या सुट्टीपर्यंतच टिकते."

"कशावरून भांडलात?" वकीलबाई काही सोडेना. मी सांगितलं, आमच्या आईचं मोठं ऑपरेशन होतं आणि त्याच दिवशी बहिणीचा रंगमंचावरचा पहिला खेळ होता. ती खेळाला निघून गेली, मी रागावले. वकीलबाईनं थोडा विचार केला. "आणि तुमची आई काय म्हणाली?"

टिटवे, अकरा वर्षांत हा प्रश्न मी आईला विचारलेला नाही. तो आठ वर्षांच्या पोरीला सुचला.

त्या संध्याकाळी घरी आले, तुझे बूट पिशवीत होते. आई आतल्या खोलीत आहे असं बघून मी एक बूट पायात घातला. कशाला घातला ते विचारू नकोस. माझं पाऊल तुझ्यापेक्षा मोठं, वय एक्कावन्न, वजन सांगत नाही. फ्रिजला धरून टोकावर उभी राहिले. साधारण दीड सेकंद. मग मी, फ्रिजवरचा कुकर आणि त्याची दोन्ही भांडी असे सगळे एकदम खाली आलो. बहिऱ्या आईलासुद्धा ते ऐकू गेलं.

ती दारात येऊन माझ्या पायाकडे बघत राहिली. मग इतकी हसली, इतकी हसली, की तिला खुर्ची द्यावी लागली. आणि ती देण्यासाठी मला आधी जमिनीवरून उठावं लागलं.

हसून दमली तेव्हा मी विचारलं. ओरडून विचारलं, कानामुळे. "ऑपरेशनच्या दिवशी तू तिला काय म्हणाली होतीस?"

"जा म्हणाले होते," आई म्हणाली. "ती जात नव्हती. पलंगाची दांडी धरून बसली होती. मी म्हटलं, मला झोपेचं औषध देणारेत, तू इथे बसून माझं घोरणं ऐकणार का? ऊठ, जा, नाच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर जिन्यातच तिला फैलावर घेतलंस. नंतर तिनं मला शपथ घातली. म्हणाली, ताईला माझ्याबद्दल एवढंच वाटत असेल तर राहू दे."

मी कुकर आणि भांडी उचलून पुन्हा फ्रिजवर ठेवली. गुडघा सुजलाय. उद्यापासून मुलांना शांत बसायला शिकवायचंय, तो विषय मला जास्त जमतो.

ताई


१५ डिसेंबर

टिटवे,

तू काहीच लिहीत नाहीस, तरी मी लिहिते. मंगळवारी आई फोनवर काय बोलली ते माहीत नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "तुझी पत्रं पोचतात म्हणे," आणि टीव्ही लावला.

तयारी जोरात आहे. बाकं रांगेत लावली, पडदे ओढले, प्रत्येकाच्या हातात कागदाचं तिकीट. पहिल्या दिवशी शांतता टिकली चार मिनिटं. मग नऊ. खोकला आला तर कोपरात, शिंक आली तर नाक दाबून. लघवीला आधीच. आता पस्तीस मिनिटांवर आलोय. इंजिन मांड्यांखाली हात दाबून बसते, पण बसते. काल आम्ही अंधारात इतके चिडीचूप बसलो होतो, की शिपाईकाकांना वाटलं वर्ग सुटला, आणि त्यांनी बाहेरून कुलूप घातलं! तरीही कुणी बोललं नाही. मला अभिमान वाटावा की काळजी, कळेना. शेवटी बाई या नात्यानं मलाच दारावर धपके घालावे लागले.

टाळ्यांचं तू सांगितलंच नाहीस, म्हणून मी माझ्या मनानं नियम केलाय. भलत्याच जागी वाजवून हसं नको. मी वाजवल्याशिवाय कुणी वाजवायची नाही. सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलंय.

मोठ्या बाई खूश आहेत. आम्हाला पहिल्या तीन रांगा मिळाल्यात.

खरं सांगू? मला धडकी भरलीय. मुलांची नाही. तिसऱ्या छत्रीची. मी तुला कधी नाचताना बघितलेलंच नाही.

ताई


१८ डिसेंबर

टिटवे,

काल जे झालं ते तू वरून बघितलंस. खालून कसं दिसलं ते ऐक.

पडदा उघडला तेव्हा माझी पोरं अशी बसली होती की शेजारच्या शाळेची बाई मला विचारू लागली, यांना काही दिलंय का. बर्फ पडला, मुलगी आली, हातमोजा गेला. पोरं हातांवरून सगळं ओळखत होती. मुलीनं दोन्ही हात हलवून आईला काहीतरी सांगितलं तेव्हा वकीलबाई माझ्या कानाला लागली, "खोटं सांगतेय ती."

मग छत्र्या आल्या. आठ. निळ्या. मी डावीकडून तिसरी धरली आणि बघायला लागले, आणि माझे डोळे भरून आले. काय सुंदर मान, काय सुंदर हात! दोन मिनिटं मी रडत होते. मग ती छत्री वळली, आणि ती कुणी भलतीच वीस वर्षांची पोर होती. टिटवे, तुझी डावी बाजू रंगमंचावरून धरायची हे चिठ्ठीत लिहायला काय झालं होतं?

पटकन दुसरीकडे बघितलं आणि तू होतीस. त्यानंतर काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण तुझ्याशिवाय मी काही बघितलंच नाही. दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरून ठेवला होता एवढं आठवतं. नाच संपला. मागे सगळ्या शाळा टाळ्या वाजवायला लागल्या, शिट्ट्यासुद्धा झाल्या. आणि माझ्या तीन रांगांत चौतीस पोरं, हात उचलून, तळवे समोरासमोर धरून, तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघत बसलेली! बाईंनी वाजवल्याशिवाय वाजवायची नाही. आणि बाईंचे हात कठड्याला चिकटलेले.

टाळ्या थांबल्या. वाद्यं हळू झाली. बाकीच्या छत्र्या गेल्या आणि तू एकटी मधोमध, छत्री मिटत, हळूच खाली बसायला लागलीस. सगळं नाट्यगृह श्वास रोखून. आणि त्या शांततेत इंजिनचा आवाज, "बाई! हात दुखले!"

मी दचकून टाळी वाजवली. झालं. चौतीस जणांनी एवढा वेळ दाबून धरलेल्या टाळ्या एकदम सुटल्या. थांबेचनात. आधी मागच्या शाळा हसल्या, मग वाद्यवाले हसले, एकाची बासरी चुकली. तू हसली नाहीस. चेहरा जराही हलला नाही. पण तुझा डावा खांदा हलला. जेवताना बाबांसमोर हसू दाबायचीस तेव्हा हलायचा, अगदी तस्साच. तो मला सोडून कुणालाच दिसला नसेल.

आता जे लपवावंसं वाटतंय ते. खेळ संपल्यावर दारवान आमच्याकडे आला. मला वाटलं, यंदाचा 'खेद' तोंडीच येतोय. "पहिल्या तीन रांगांच्या बाई कोण? एका छत्रीनं मागच्या दाराशी बोलावलंय." मी म्हटलं, बस सुटतेय.

बस पंचवीस मिनिटं उभी होती. ड्रायव्हर चहाला गेला होता. मी खिडकीशी बसून घड्याळ बघण्याचं नाटक करत होते आणि शेजारी वकीलबाई बसली होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही घाबरलात." मी हो म्हटलं. "माफी मागायची असेल तर मी मदत करीन."

आमच्या वर्गात माफीचा एक नियम आहे. माफीत 'पण' म्हणायचं नाही. 'पण' आलं की पुन्हा पहिल्यापासून. नियम माझाच आहे, पाच वर्षं राबवतेय. काल घरी येऊन लिहायला बसले, पहिल्या कागदावर तीन 'पण' आले. दुसऱ्यावर एक. हा तिसरा कागद.

त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात मी तुला म्हटलं, "आई टेबलावर आणि तू उड्या मारायला निघालीस. हे काय काम आहे?" चार लोक ऐकत होते. तू एक शब्द बोलली नाहीस. मी काही विचारलं नाही, ऐकून घेतलं नाही, नंतर अकरा वर्षं बोलावलं नाही. चूक माझी होती. सगळी माझी. मला तुझी फार आठवण येते. रोज येत होती.

बावीस तारखेला सुट्टीआधीचा शेवटचा दिवस आहे. मुलांना तिसरी छत्री जवळून बघायची आहे. मला माझी बहीण.

ताई


२२ डिसेंबर, सकाळ, फ्रिजच्या दारावर

टिटवे,

तू अशी गाढ झोपलीयेस की उठवायचा धीर झाला नाही. मी शाळेत पुढे जाते. चहाचं आधण ठेवलंय, फक्त गॅस लाव. आईला काही विचारायचं असेल तर उजव्या कानाशी बोल. काल तू दारात उभी होतीस तेव्हा तिनं "अगंबाई, तू कशी काय?" असं जे केलं ना, इतका वाईट अभिनय आमच्या स्नेहसंमेलनातही होत नाही. आणि तूही काय, अकरा वर्षांनी दार उघडल्यावर पहिलं वाक्य, "ताई, भूक लागलीय." मी भांडायचं सोड, रडायचंसुद्धा विसरले. सरळ कणीक मळायला घेतली.

शाळेला दहापर्यंत ये. फाटकातून आत आलीस की उजवीकडचा शेवटचा वर्ग. शोधायला लागणार नाही, आज तिथे शांतता असणार नाही.

काल जेवताना तू मला विचारलंस, "ताई, माझं कसं झालं गं?" आणि मी म्हटलं, "छान." चोवीस वर्षं मुलांना निबंध शिकवते मी! कुणी एका शब्दात उत्तर दिलं तर वही परत करते. म्हणून नीट लिहिते.

मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आले की माझी बहीण घर सोडून गेली. शेजाऱ्यांना, मोठ्या बाईंना, स्वतःला. सतरा तारखेला तुला बघितलं. मानेवरून घाम ओघळत होता, धाप लागली होती, पायांत ते तसले बूट होते, आणि तिसऱ्या रांगेतल्या पोरालाही वाटत होतं की छत्री वाऱ्यावर तरंगतेय. तेव्हा मला कळलं. तू घर सोडून गेली नव्हतीस. तू कामावर गेली होतीस, आणि तुझ्या घरी परतायच्या वाटेत मी उभी होते.

ऊठ आता. पोरं वाट बघतायत.

ताई